अकरा मिनिटांचा चेहरा

"तुला नाही कळायचं ते, आई," लेक सहज म्हणाली, आणि नेमाताईंच्या घरात जपानी चेहऱ्याचं प्रकरण सुरू झालं.

नेमाताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव कार्यालयाच्या हजेरीपटात सुखरूप होतं. बाकी इमारतीत, अभिलेख कक्षात आणि भाजीवाल्याकडे त्या नेमाताईच होत्या, कारण त्यांचे नेम. पहाटे देवापुढे दिवा, मग एक माळ जप, माळ पुरी होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आठवड्यातला एक दिवस बिनमिठाचा. आणि लेक नोकरीसाठी जपानला गेली त्या दिवसापासून चहात साखर नाही. हा शेवटचा नेम "ती घरी येईपर्यंत" असा बोलला होता. देवाला मुदत सांगताना त्यांनी वर्षभराचा अंदाज धरला होता. त्याला आता दोन वर्षं होत आली होती, पण देवाशी केलेल्या करारात वाढीव मुदतीचं कलम नसतं. त्या बिनसाखरेचा चहा औषधासारखा प्यायच्या आणि कुणी विचारलं तर "आवडतो हो मला" म्हणायच्या.

लेकीचा फोन रोज सकाळी यायचा. तिला वेळ फक्त कामावर निघण्याआधी तोंडाला काहीबाही लावताना मिळे. फोन न्हाणीघरातल्या आरशाला टेकवून ती गालांवर काहीतरी थोपटत बोलायची, आणि चेहरा झाला की "चल गं, बस येईल" म्हणून बंद करायची. अकरा मिनिटं. कधी साडेअकरा. एकदा तिला शिंका आल्या तेव्हा तेरा झाली होती, तो दिवस नेमाताईंच्या लक्षात होता.

चेहरा संपवताना ती नेहमी दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून क्षणभर गप्प उभी राहायची. रडते की काय ही? पण हात खाली आले की चेहरा कोरडा, हसरा. मग "बस येईल."

तर त्या दिवशी नेमाताईंनी विचारलं होतं, "काय लावतेस गं एवढं रोज?" आणि उत्तर आलं, तुला नाही कळायचं.

एकतीस वर्षं ज्या बाईने जमिनीचे, वारसांचे, भावाभावांच्या भांडणांचे कागद लावून ठेवले, जिला न विचारता मोठे साहेबसुद्धा फडताळ उघडत नाहीत, तिला चार बाटल्या कळायच्या नाहीत? नेमाताई कुणाला उलट बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फक्त फोन पदराने पुसला आणि मनाशी ठरवलं, कळवून दाखवायचं. आणि आतल्या आत, जिथे माणूस देवालाही पटकन जाऊ देत नाही तिथे, दुसरा हिशेब होता. तिच्यासारखंच आपणही समोर बसून लावू. मग बोलायला विषय होईल. मग कदाचित बारा मिनिटं. कदाचित पंधरा.

"एकवीस दिवस न चुकता लावीन," त्यांनी दिव्यासमोर हात जोडले, "आणि बाविसाव्या दिवशी तिला दाखवीन." झाला नेम.

पहिला अडसर घरातच होता. यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. नळ, झडप आणि दाब या तीन गोष्टींच्या पलीकडे जगात काही असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"चेहऱ्याला पाणी पाजायचं?" त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हे ते फक्त गंभीर प्रसंगी करत. "अगं, जोडणी आतून असते. बाहेरून टाकीवर पाणी ओतून टाकी भरते का कधी?"

"अहो, जपानी बायका लावतात."

"त्यांच्याकडे दाब चांगला असेल."



कार्यालयातल्या टायपिस्टबाई मात्र भल्या. त्यांनी सौंदर्यप्रसाधनांचं एक दुकान सांगितलं, जपानहून थेट माल मागवणारं. नेमाताई कार्यालय सुटल्यावर तिथे गेल्या. आत इतका उजेड होता की चप्पल बाहेर काढावी की काय असं त्यांना वाटलं. काढलीच त्यांनी. दुकानातल्या बाईंनी त्यांना आरशासमोर बसवलं आणि भिंग लावून गाल पाहिला.

"तुमची त्वचा कोणत्या प्रकारची आहे, मॅडम?"

"सरकारी," नेमाताई म्हणाल्या. नोकरीबद्दल विचारताहेत असंच त्यांना वाटलं होतं. आयुष्यभर दुसरा कोणता प्रकार कुणी विचारलाच नव्हता.

"म्हणजे कोरडी," बाई समजुतीने म्हणाल्या. "तहानलेली आहे हो. कितीतरी वर्षांची."

हे इतकं खरं होतं की नेमाताईंनी आरशात बघून आपला गाल एकदा चाचपला. मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि निवड सुरू झाली.

निवड म्हणजे काय, ते दुकानातल्या बाईंना अजून ठाऊक नव्हतं. बाकीची गिऱ्हाइकं वास बघतात, बाटलीचा आकार बघतात. नेमाताईंनी पहिल्याच डबीवर घोड्याचं चित्र पाहिलं.

"हे काय?"

"घोड्याच्या चरबीचं क्रीम. अप्रतिम. तिथे फार जुनं—"

नेमाताईंनी डबी इतकी हळू परत ठेवली, जणू आत घोडा झोपलेला आहे आणि जागा होईल. दुसऱ्या बाटलीत तांदळाच्या दारूचा अंश. "पोटात नाही हो जात, चेहऱ्यावरच," बाईंनी समजावलं. "पण माळ मी याच हातांनी ओढते," नेमाताई हळूच म्हणाल्या. तिसऱ्यात डुकराच्या वारेतलं काहीतरी होतं, त्याचा अर्थ ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात एक नाव घेतलं. चौथ्यात ॲसिड निघालं. हायल्युरोनिक म्हणे. "नावाला ॲसिड आहे, मॅडम. काम पाणी धरून ठेवायचं. आपल्या अंगातही असतं."

"माझ्या अंगात? ॲसिड?"

"प्रत्येकाच्या."

त्यांना यजमान आठवले आणि ते पटलं.

दोन तासांनी, ना घोडा, ना दारू, ना डुक्कर, अशा कसोटीला चार वस्तू उतरल्या. जपानी फुलझाडाच्या बियांचं तेल, चेहरा स्वच्छ करायला. मग लोशन, ते पाण्यासारखं पातळ, त्यात ॲसिड होतंच, पण अंगातलंच म्हणून त्याला माफी मिळाली. मग भाताच्या कोंड्याचं दूध. आणि वरून क्रीम, नुसत्या झाडपाल्याचं. "मागवते मी तुमच्या नावावर," बाई घाम पुसत म्हणाल्या. "बाटल्यांवर सगळं जपानीत असेल. मी प्रत्येकीच्या वापराचा कागद आपल्या भाषेत लिहून देते, चारही टाचून. म्हणजे चुकायला नको."

चुकायला नको! पण तिथेच सगळं ठरलं होतं.

पार्सल आलं आणि पार्सल कार्यालयात अडकलं. खिडकीवरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून विचारलं, "आत काय?"

"पाणी," नेमाताईंनी खरं ते सांगितलं.

"पाणी परदेशातून मागवता? नळाला येत नाही?"

"चेहऱ्याचं पाणी. आणि थोडं दूध."

"दूध असेल तर खाद्यपदार्थ. तो नमुना वेगळा."

"खायचं नाही हो, लावायचं."

"लावायचं म्हणजे औषध. डॉक्टरांची चिठ्ठी?"

"आजारी नाही मी."

"मग कशाला लावताय?"

या प्रश्नाला 'लेकीशी चार मिनिटं जास्त बोलायला मिळावीत म्हणून' असं उत्तर होतं, पण नमुन्यात तसा रकाना नव्हता. नेमाताईंनी 'इतर' वर खूण केली. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला: 'इतर म्हणजे काय ते स्पष्ट करावे.' स्पष्टीकरण जोडलं, तर ते दोन प्रतींत हवं होतं. दोन प्रती नेल्या, तर जेवणाची सुट्टी होती. आपण स्वतः एकतीस वर्षं किती माणसांना अशाच खिडकीतून, अशाच मऊ आवाजात, "उद्या या" म्हटलंय, हे त्यांना त्या बाकावर बसल्यावर पहिल्यांदा आठवलं. त्यांनी मनोमन सगळ्यांची क्षमा मागितली. पाचव्या दिवशी पार्सल मिळालं. देव ऐकतो, फक्त आवक-जावक करून ऐकतो.

घरी येऊन त्यांनी चार बाटल्या ओळीने मांडल्या आणि टाचलेले चार कागद हातात घेतले.

आता अभिलेख कक्षाची एक रीत इथे सांगायला हवी. प्रकरणात नवा कागद आला की तो वर लागतो. म्हणजे गोष्टीची सुरुवात नेहमी तळाशी. ज्याला प्रकरण समजून घ्यायचंय त्याने गठ्ठा उलटा करावा आणि शेवटच्या कागदापासून वाचत वर यावं. वरून वाचणारा माणूस अडाणी. नेमाताईंनी कित्येक नव्या साहेबांना ही गोष्ट नम्रपणे शिकवली होती. त्यांचे हात आता डोक्याला विचारत नसत.

त्यांनी गठ्ठा उलटा केला. तळाचा कागद: 'क्रीम, वाटाण्याएवढे.' म्हणजे पहिलं क्रीम. त्यावरचा: 'दूध.' त्यावरचा: 'लोशन, तळव्यांनी थोपटून सात वेळा.' आणि सगळ्यात वरचा, म्हणजे अर्थातच शेवटचा: 'तेल. हलक्या हाताने सर्व चेहऱ्यावर चोळावे व पाण्याने स्वच्छ धुऊन टाकावे.'

कुणी म्हणेल, दोन वर्षं रोज लेकीला समोर बघत होत्या, तरी कसं कळलं नाही? आता काय सांगावं! फोन आरशाला खालून टेकवलेला, बाटल्या दिसतच नसत. हात मधेमधे येत. पण खरं म्हणजे नेमाताईंनी ते हात कधी पाहिलेच नव्हते. त्या चेहरा बघत होत्या. डोळ्यांखाली काळं आलंय का, गाल बसलेत का, काल झोपली का. अकरा मिनिटांत हात बघायला वेळ कुणाला?

नेम सुरू झाला. दिवा, जप, मग आरसा. क्रीम, दूध, मग लोशनचे सात थर. प्रत्येक थराला थोपटणं मोजायला माळ घेतली, म्हणजे एकशे आठ थोपटी. सात माळा झाल्यावर शेवटी तेल, आणि मग सगळं, कोंड्यासकट, फुलासकट, ॲसिडसकट, मोरीत. रोज. मनोभावे. 'पालथ्या घड्यावर पाणी' ही म्हण ज्याने काढली त्याने तरी एवढा नेम पाहिला नसेल.

अकराव्या दिवशी यजमान म्हणाले, "मोरीची जाळी बघ कशी झाली आहे. नव्यासारखी. इतक्या वर्षांत पाणी असं वाहिलेलं पाहिलं नाही मी."

"माझ्या चेहऱ्याचं काही बोला."

"चेहरा आहे तसाच चांगला आहे," ते म्हणाले आणि आपण काय बोलून गेलो या भीतीने लगेच वर्तमानपत्रामागे गेले.

पण इमारतीचं मत वेगळं पडलं. तळमजल्यावरच्या कंपाउंडरकाकांनी, जे निवृत्त होऊनही सगळ्यांना गोळ्या सांगत, जिन्यात थांबून भिंगच काढलं. "ताई, तेज आलंय. रक्त वाढलंय की काय?" वरच्या मजल्यावरच्या, शाळेत शिकवणाऱ्या वहिनी धावत खाली आल्या. "खरं सांगा हं, काय लावता? आम्हांला साय लावायला सांगायचं आणि आपण गुपचूप जपान करायचा!"

तेज होतं, यात खोटं नव्हतं. नेमाताई दिवस मोजत होत्या. जिना चढताना त्यांच्या डोक्यात बाविसावी सकाळ चालू असायची, लेक काय म्हणेल, आपण काय म्हणू. माणूस कशाची वाट बघायला लागला की चेहऱ्यावर दिवा लागतो, त्याला तेलपाणी लागत नाही. पण हे इमारतीला कोण सांगणार? इमारतीला बाटल्या हव्या होत्या.

तेव्हा नेमाताईंनी, कुणाला नाही म्हणायचं नाही हाही एक नेम असल्यामुळे, सूचनाफलकावर सुवाच्य अक्षरांत परिपत्रक लावलं. 'विषय: चेहऱ्यास दैनंदिन पाणी देणेबाबत.' एक, क्रीम. दोन, दूध. तीन, लोशन, सात वेळा. चार, तेल व धुणे. खाली तारीख, सही. शाळेतल्या वहिनींनी ते उतरवून घेतलं, टायपिस्टबाईंनी कार्यालयात त्याच्या प्रती काढल्या, आणि दुकानातल्या बाईंकडे घोडा-दारू-डुक्करविरहित मालाची मागणी अचानक वाढली. रोज सकाळी पाच घरांतून थोपटल्याचे आवाज येत. कंपाउंडरकाका स्वतः लावत, पण "प्रयोग म्हणून" म्हणत. इमारतीचं सांडपाणी त्या काळात जगात सर्वांत मुलायम असावं.

बाविसावी सकाळ उगवली.

नेमाताईंनी जप आटोपला, चांगली साडी नेसून फोन आरशाला टेकवला आणि पाण्याच्या पिंपामागे लपवलेल्या बाटल्या काढून ओळीने मांडल्या. छाती खात्याच्या परीक्षेलासुद्धा धडधडली नव्हती अशी धडधडत होती. फोन वाजला.

"आई? कुठे आहेस तू? मागे न्हाणीघर दिसतंय."

"आज मीही लावणार आहे," नेमाताई म्हणाल्या. "तुझ्याबरोबर. मला सगळं कळतं आता." आणि प्रश्नाला जागा न ठेवता त्यांनी क्रीमची डबी उघडली.

लेकीचे हात थांबले. ती बघत राहिली. क्रीम झालं. दूध झालं. माळ हातात घेऊन लोशनचे थर सुरू झाले तेव्हा तिकडून खसखस ऐकू आली, पण नेमाताईंनी मोजणी मोडली नाही. शेवटी तेल. मग त्यांनी नळ सोडला, तोंड खळाखळा धुतलं, टॉवेलने पुसलं आणि विजयी मुद्रेने मान वर केली.

"झालं!"

लेक हसत होती. हसता हसता तिचा फोन पडला, छत दिसलं, मग पुन्हा ती दिसली, डोळे पुसताना. "आई, अगं, उलटं! सगळं उलटं! तेल पहिलं असतं. तेही रात्री, धूळ काढायला. तू सगळं लावतेस आणि धुऊन टाकतेस?"

टॉवेल नेमाताईंच्या हातात तसाच राहिला. एकवीस दिवस. पाच घरं. परिपत्रक, सहीनिशी. आणि ते सगळं परवडलं असतं. पण 'तुला नाही कळायचं' हे आता पुराव्यासह सिद्ध झालं होतं. त्यांनी खालमानेने एकेका बाटलीचं झाकण लावायला घेतलं.

"आई."

"तुझी बस येईल," नेमाताई म्हणाल्या. "अकरा मिनिटं झाली."

तिकडे लेक फोनच्या जवळ सरकली. मग लेक म्हणाली, "तू मोजतेस?"

"नाही गं. अशीच नजर जाते."

"माझ्यासाठी तू हे सगळं..." तिने वाक्य सोडून दिलं. कुठेतरी बाहेर गाडी थांबल्याचा आणि निघून गेल्याचा आवाज आला. "गेली," ती म्हणाली.

"अगंबाई! आता गं?"

"दुसरी येते ना. दर वीस मिनिटांनी असते."

नेमाताईंनी मान वर केली. दोन वर्षं. दर वीस मिनिटांनी. त्यांनी ते वाक्य मनात एकदाच वाचलं, तळापासून वर, आणि फडताळात ठेवून दिलं. काही कागद लावून ठेवायचे असतात, काढायचे नसतात. लेकीनेही बहुतेक तेच वाचलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला, काहीतरी फोडल्यावर व्हायचा तसा.

"चल," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मी सांगते तसं. लोशन घे. थोडंच. हळू थोपट, आई, गाल आहे तो, शिक्का नव्हे."

मग लोशन झालं, सातही थर, दोघींचे एकदम. थोपटता थोपटता लेकीने सांगितलं की तिच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि समोर भिंत आहे. की ती एकटी जेवते तेव्हा फोन उभा करून ठेवते, बंदच. हे तिने दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. अकरा मिनिटांत बसत नसावं. दूध झालं. क्रीम झालं, वाटाण्याएवढं.

"आता शेवटचं. दोन्ही तळवे गालांवर ठेव. असे. डोळे मीट. आणि थांब, ऊब येईपर्यंत. याने सगळं आत जिरतं म्हणतात."

"हे होय ते," नेमाताई म्हणाल्या. "मला वाटायचं, तू रडतेस."

"छे गं." मग ती म्हणाली, "मला ताप आला की तू असे हात ठेवायचीस ना. म्हणून मी जरा जास्तच थांबते."

नेमाताईंनी डोळे मिटून तळवे गालांवर ठेवले. ऊब आली. त्यांनी हात काढले नाहीत. तिकडूनही कुणी काढले नाहीत.

इतक्यात दारावर धडाधड थापा पडल्या. शाळेतल्या वहिनींचं तेल संपलं होतं, मागे कंपाउंडरकाका तोंडाला नुसतं क्रीम फासून उभे होते, आणि पुढची पायरी हवी होती. 'सगळं उलटं' हे बाहेरून ऐकलेले यजमान विचारायला न्हाणीघराशी आले. पाहतात तो बायको दोन्ही हातांत तोंड धरून उभी, फोनमध्ये लेकही तशीच, आणि आवाज कुणाचा नाही. आयुष्यभर त्यांनी कुठे दाब किती आहे हे नुसत्या कानाने ओळखलं होतं. ते पाऊल न वाजवता मागे फिरले आणि दाराशी जाऊन हळूच म्हणाले,

"परिपत्रक मागे घेतलंय. दुरुस्ती निघेल, पण वेळ लागेल. आत पाणी चढतंय."